बेस गिटारीची दांडी आणि वादकाचा हात

शिंपी अंगरखा बेततांना प्रथम अंगाचें माप घेतो, आणि चांभार पायाखालीं कागद ठेवून पावलाभोंवतीं रेघ ओढतो. वाद्य करणारा कारागीर मात्र वादकाच्या हाताचें माप क्वचितच घेतो. वाद्य अगोदर तयार होतें आणि हात मागाहून येतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण संसारांत शहाणपणाची खरी. परंतु दांडी पाहून बोटें पसरावीं, असा प्रसंग आला म्हणजे नवशिक्याचें मनगट भरून येतें, बोटें अवघडतात, आणि दोष मापाचा असतांना तो बिचारा आपल्याच हाताला नांवें ठेवून वाद्य बाजूस सारतो. असे कित्येक हात संगीताला मुकतात. हाताचा आणि मापाचा हा झगडा ज्या वाद्याच्या इतिहासांत अगदीं उघड दिसतो, तें वाद्य म्हणजे पाश्चात्त्य संगीतांतील बेस गिटार होय.

हें वाद्य आपल्या कानांना परकें नाहीं. राहुल देव बर्मन यांनीं संगीत दिलेलीं हिंदी चित्रपटांतील गाणीं ऐकतांना चालीच्या तळाशीं जो जाड, घुमारदार स्वर पावलें टाकीत जातो, तो पुष्कळदां ह्याच वाद्याचा असतो. टोनी वाझ हे त्यांच्या वाद्यवृंदांतील बेस गिटारवादक होते. सतार पाहिलेल्या माणसाला ह्या वाद्याची रचना सहज समजेल. दांडी आहे, दांडीवर धातूचे पडदे आहेत, खालच्या टोकाला घोडी आहे, आणि वरच्या टोकाशीं तारांसाठीं खाचा पाडलेली अरुंद पट्टी आहे. तारा बहुधा चार असतात. सर्वांत खर्जाच्या तारेचीं कंपनें सेकंदाला सुमारें ४१ भरतात, आणि सर्वांत वरच्या तारेचीं सुमारें ९८. घोडीपासून खाचांच्या पट्टीपर्यंतचें अंतर ती तारेची वाजती लांबी. पट्टीजवळ तारा एकमेकींच्या जवळ असतात, आणि घोडीकडे जातां जातां फांकत जातात. म्हणजे वादकाच्या सोयीच्या दृष्टीनें मुख्य मापें तीन: तारेची वाजती लांबी, पट्टीजवळची दांडीची रुंदी, आणि घोडीजवळ दोन तारांमधलें अंतर. पहिल्या दोहोंशीं डाव्या हाताची गांठ असते. तिसऱ्याशीं उजव्या हाताची.

बेस गिटारीचा पूर्वज म्हणजे डबल बेस. पुरुषभर उंचीचें हें वाद्य जमिनीवर टेकवून, उभें धरून वाजवावयाचें असतें. त्याची वाजती लांबी सामान्यतः १०५ सेंटिमीटरांच्या आसपास असते, आणि त्याच्या दांडीवर पडदे नसतात. इतक्या लांब तारेवर शेजारशेजारचे स्वर एकमेकांपासून फार दूर पडतात. म्हणून व्हिएन्ना येथील फ्रांझ सिमांड्ल (१८४०–१९१२) यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या पद्धतींत खर्जाच्या भागांत तर्जनी, मधलें बोट आणि करंगळी एवढ्यांचाच उपयोग करतात. अनामिका केवळ करंगळीला आधार देते. चार बोटांनीं चार स्वर घेण्याचा हट्ट ह्या पद्धतीनें धरला नाहीं. माणसाच्या पंजाची मर्यादा तिनें मुळांतच मान्य केली.

१९३० नंतर अमेरिकेंतील नृत्याच्या वाद्यवृंदांचा आवाज वाढत गेला. साध्या गिटारीला विजेची जोड मिळाली आणि बिचारा डबल बेस त्या गलक्यांत ऐकूं येईनासा झाला. शिवाय तो गांवोगांव नेणें म्हणजे जणूं आणखी एक प्रवासी बरोबर नेणें होतें. सिअॅटल येथील पॉल टटमार्क ह्यानें १९३६ च्या सुमारास, सुमारें ३० इंच वाजत्या लांबीची, पडदे असलेली आणि गिटारीप्रमाणें आडवी धरून वाजविण्याची विजेची बेस तयार केली. परंतु तिचा फारसा प्रसार झाला नाहीं. तें यश कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवच्या लिओ फेंडर (१९०९–१९९१) ह्याच्या वांट्याला आलें. फेंडर मूळचा हिशेबनीस. पुढें त्यानें रेडिओ दुरुस्तीचें दुकान काढलें, आणि त्यांतून वाद्यांचा कारखाना उभा राहिला. त्याला स्वतःला गिटार वाजवितां येत नसे. ह्या माणसानें १९५१ सालीं प्रिसिजन बेस नांवाचें वाद्य बाजारांत आणलें. पडद्यांमुळें स्वर नेमका लागतो, म्हणून नेमकेपणा दर्शविणारें तें नांव.

लहानमोठ्या लांब्या करून पाहिल्यावर फेंडरनें ३४ इंच, म्हणजे सुमारें ८६४ मिलिमीटर, ही वाजती लांबी कायम केली. तार फार आंखूड ठेवली तर खर्जाचा स्वर ढिला व अस्पष्ट होतो. फार लांब ठेवली तर हात पुरत नाहीं. पट्टीजवळ दांडीची रुंदी त्यानें पावणेदोन इंच, म्हणजे ४४.५ मिलिमीटर ठेविली. घोडीजवळ दोन तारांच्या मध्यांमधलें अंतर पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर ठरलें. ह्या तीन आंकड्यांपैकीं पहिला आणि तिसरा पुढें इतके रुळले कीं, ते निसर्गाचेच नियम असावेत असें पुष्कळांना वाटूं लागलें. वस्तुतः ते एका कारखान्यांत, एका विशिष्ट वेळीं केलेले तडजोडीचे निर्णय होते.

ह्या निर्णयाचा हातावर काय भार पडतो, तें शाळेंतल्या गणितानेंही काढतां येतें. पडद्यांमधलीं अंतरें ठराविक प्रमाणांत घोडीकडे लहान लहान होत जातात. पहिल्या पडद्यापासून चौथ्या पडद्यापर्यंतचें अंतर वाजत्या लांबीच्या शेंकडा १५ भरतें. डबल बेसवर तेवढ्या स्वरांसाठीं हात सुमारें १५८ मिलिमीटर पसरावा लागतो. ३४ इंची बेस गिटारीवर हेंच अंतर १३० मिलिमीटर होतें, ३० इंचीवर ११४, आणि फेंडरच्याच साध्या गिटारीवर, जिची वाजती लांबी साडेपंचवीस इंच आहे, अवघें ९७. म्हणजे एकच नवें वाद्य डबल बेस सोडून आलेल्या माणसाला हलकें वाटावें आणि साधी गिटार सोडून आलेल्याला जड वाटावें, हें साहजिकच होतें. सोय ही केवळ वाद्यांत नसते. कोणता हात कोठून आला आहे, ह्यावरही ती अवलंबून असते.

उजव्या हाताच्या बाबतींत तर कारखान्याचा अंदाज सपशेल चुकला. प्रिसिजन बेसवर सर्वांत वरच्या स्वराच्या तारेपलीकडे, वादकाच्या मांडीच्या बाजूला, बोटें टेकण्यासाठीं एक लहानशी पट्टी बसविलेली असे. कल्पना अशी कीं, वादक त्या पट्टीला बोटें अडकवील आणि अंगठ्यानें तारा छेडील. परंतु बहुतेक वादक डबल बेसच्या वळणानें तर्जनी व मधलें बोट ह्यांनींच वाजवूं लागले, आणि त्यांना टेकवावयाचा होता तो अंगठा. अखेर १९७४ च्या सुमारास ती पट्टी उचलून खर्जाच्या तारेच्या बाजूला बसविण्यांत आली. वीस वर्षांहून अधिक काळ कारखाना एका कल्पित हाताची सोय पाहत होता, आणि प्रत्यक्ष वाजविणारा हात निराळाच होता.

तथापि फेंडरच्या अंगीं एक गुण मोठा होता. वाजविणाऱ्यांच्या तक्रारी तो ऐकून घेई. पहिल्या प्रिसिजन बेसच्या घोडीवर दोन दोन तारांना मिळून एकच आधार असे. बेसच्या तारा सारख्या जाडीच्या नसतात. वरची तार सव्वा मिलिमीटरहूनही बारीक, तर खर्जाची अडीच मिलिमीटरहून जाड असते. त्यामुळें एक तार हाताला बरोबर लागली कीं जोडीची तार उंच किंवा नीच राही. १९५७ सालीं चार तारांना चार स्वतंत्र आधार मिळाले, आणि प्रत्येक तारेची उंची बोटाला रुचेल तशी करतां येऊं लागली.

त्याहून मोठा बदल १९६० सालीं झाला. त्या वर्षीं निघालेल्या जॅझ बेसची वाजती लांबी ३४ इंचच होती, आणि घोडीजवळचें तारांचें अंतरही जवळजवळ तेंच होतें. परंतु पट्टीजवळची रुंदी पावणेदोन इंचांवरून दीड इंचावर, म्हणजे ३८ मिलिमीटरांवर आणली होती. फरक सहा मिलिमीटरांहून थोडासाच अधिक. पण त्यामुळें पट्टीजवळ दोन तारांमधलें अंतर सुमारें १२ मिलिमीटरांवरून सुमारें १० वर आलें, आणि खर्जाच्या तारेकडे जातांना मनगटाला जो मुरडा घालावा लागे तो कमी झाला. ह्या वाद्यांत प्रथमच दोन्ही हातांचा हिशेब निराळा मांडला गेला. डाव्या हाताला अरुंद दांडी हवी असते, कारण त्याला तारांवर वेढा घालावयाचा असतो. उजव्याला तारा दूर दूर हव्या असतात, कारण त्याचीं बोटें तारांच्या मधून जातात. दांडी वर अरुंद आणि खालीं रुंद केली म्हणजे दोघांचेंही कांहीं अंशीं समाधान होतें. पुढें त्याच कारखान्यांत दांडीच्या टोकावर रुंदी दर्शविणारें अक्षर छापण्याची पद्धत पडली: दीड इंचाला ए, एक इंच पांच अष्टमांशाला बी, पावणेदोन इंचांना सी. वाद्याला मापाची चिठ्ठी लागली, ती अशी.

ह्या दोन दांड्यांपैकीं बरी कोणती, ह्याचा निकाल थोर वादकांच्या उदाहरणांवरून लागत नाहीं. डेट्रॉइट येथील मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाण्यांना ज्याच्या बेसनें चाल दिली, तो जेम्स जेमर्सन (१९३६–१९८३) डबल बेसवरून आलेला. त्याची आवडती गिटार १९६२ सालची प्रिसिजन बेस होती, आणि उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीनें तो तारा छेडीत असे. उलट जॅको पास्टोरियस (१९५१–१९८७) ह्याची गिटार १९६२ सालचीच, पण जॅझ बेस. तिचे पडदे काढून टाकून तिच्यावर त्यानें जें वाजविलें, त्यानें १९७६ नंतर ह्या वाद्याचें स्थानच बदललें. एकाला दांडी रुंद, दुसऱ्याला अरुंद. दोघांनाही आपला स्वर सांपडला.

लहान हातांची गोष्ट मात्र निराळी आहे. रोलिंग स्टोन्स ह्या इंग्रज वाद्यवृंदाचा बेसवादक बिल वायमन ह्याचे हात लहान. १९६१ सालीं, त्या वृंदांत येण्यापूर्वीं, त्यानें एक स्वस्त जुनी बेस विकत घेतली. ती त्याला अवजड वाटली, तेव्हां तिचें अंग कापून त्यानें तें लहान केलें. झिजलेले पडदे बदलण्यासाठीं त्यानें ते उपटून काढले, आणि बिनपडद्यांची ती गिटार इतकी गोड वाजली कीं नवे पडदे बसविण्याचा विचारच त्यानें सोडून दिला. पुढेंही त्यानें बहुधा आंखूड दांडीच्याच गिटारी पसंत केल्या. आपला हात ह्या वाद्याजोगा नाहीं असें म्हणून तो स्वस्थ बसला असता, तर कोणींही त्याला दोष दिला नसता. त्यानें करवत हातांत घेतली, आणि हात कापावयाच्या ऐवजीं लांकूड कापलें.

आंखूड दांडीच्या गिटारी त्या वेळीं नव्या नव्हत्या. गिब्सन कंपनीनें १९५३ सालींच साडेतीस इंचांची बेस काढली होती. जर्मनींतील हॉफ्नर कारखान्यानें १९५६ सालीं व्हायोलिनच्या आकाराची, ३० इंची आणि वजनाला फार हलकी बेस पुढें आणली. बीटल्सपैकीं पॉल मॅकार्टनी ह्यानें १९६१ सालीं हँबुर्ग येथें ती घेतली. तो डावखुरा, आणि दोन्ही बाजूंनीं सारखें असलेलें तें वाद्य उलटें धरलें तरी विचित्र दिसत नसे. १९६६ सालीं फेंडर कारखान्यानेंही विद्यार्थ्यांसाठीं म्हणून ३० इंची मस्टँग बेस काढली. पण विद्यार्थ्यांसाठीं ह्या शब्दांत एक अपाय लपलेला होता. आंखूड दांडी म्हणजे कच्च्या वादकाची दांडी, अशी समजूत त्यामुळें पसरली, आणि ज्यांना ती खरोखर हवी होती ते ती मागावयास लाजूं लागले.

ती समजूत किती पोकळ आहे, हें स्टॅन्ली क्लार्क ह्या वादकाच्या उदाहरणावरून दिसतें. क्लार्क चांगला उंचापुरा, हात मोठे, आणि डबल बेसवर असामान्य प्रभुत्व. तरीही बेस गिटार म्हणून त्यानें निवडली ती अलेंबिक कारखान्याची पावणेएकतीस इंचांची. ज्या माणसाची बोटें १५८ मिलिमीटर सहज पसरत, त्यानें ११७ मिलिमीटरांची दांडी घेतली. कारण त्याला ह्या वाद्यांतून गति हवी होती, आणि आंखूड अंतरांत बोटें लवकर फिरतात. तेव्हां मोठ्या हाताला मोठें वाद्य आणि लहान हाताला लहान, हा नियमसुद्धां पुरा नाहीं. वाजवावयाचें काय आहे, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

उजव्या हातालाही तोच न्याय लागू आहे. लॅरी ग्रॅहॅम ह्यानें १९६० नंतरच्या दशकांत अंगठ्यानें तार आपटावयाची आणि बोटानें दुसरी तार उचलून सोडावयाची, अशी एक नवीच रीत रूढ केली. ह्या रीतींत बोट तारेखालीं शिरलें पाहिजे. म्हणून १९ मिलिमीटरांचें अंतर तिला मानवतें. उलट दोन बोटांनीं एका तारेवरून दुसऱ्या तारेवर झरझर जाणाऱ्याला तारा थोड्या जवळ असल्या तर श्रम कमी पडतात.

तारांची संख्या वाढली तेव्हां हा प्रश्न ऐरणीवर आला. अलेंबिक कारखान्यानें १९७६ सालीं जिमी जॉन्सन ह्याच्यासाठीं, खर्जाखालीं आणखी एक तार असलेली पांच तारांची बेस केली. त्या तारेचीं कंपनें सेकंदाला सुमारें ३१. आतां घोडीजवळ १९ मिलिमीटर अंतर राखावें तर पहिल्या तारेपासून शेवटच्या तारेपर्यंत ७६ मिलिमीटर होतात. साडेसतरा राखावें तर ७०. साडेसोळा राखावें तर ६६. पहिल्यानें डाव्या हाताची दमछाक, शेवटच्यानें उजव्या हाताची अडचण. म्युझिक मॅन कंपनीनें १९८७ च्या आपल्या पांचतारी स्टिंगरे बेसमध्यें साडेसतरा मिलिमीटरांचा मध्यम मार्ग धरला, आणि पट्टीजवळ रुंदी ४४.५ मिलिमीटर ठेविली. १९५१ सालीं जेवढ्या जागेंत चार तारा राहत होत्या, तेवढ्यांतच आतां पांच नांदूं लागल्या.

अँथनी जॅक्सन ह्या न्यूयॉर्कच्या वादकानें मात्र मध्यम मार्ग नाकारला. त्याला सहा तारांची गिटार हवी होती. कार्ल थॉम्पसन ह्या कारागिरानें १९७५ सालीं ती करून दिली. पण तिच्या तारा फार दाट होत्या आणि जॅक्सनच्या हाताला त्या रुचल्या नाहींत. पुढें केन स्मिथ ह्या कारागिराकडून त्यानें तारांमधलें अंतर वाढवून घेतलें. सहा तारा १९ मिलिमीटरांनीं मांडल्या तर घोडीजवळ ९५ मिलिमीटर लागतात; दांडी फळीसारखी रुंद होते. पाहणारांना ती अशक्य वाटे. जॅक्सन ज्या पद्धतीनें बसून, गिटार उंच धरून वाजवी, त्या पद्धतींत ती शक्य होती. त्यानें आधीं आपली बैठक ठरविली आणि मग वाद्याचें माप सांगितलें.

आणखी एक माप सहसा जाहिरातींत येत नाहीं, तें म्हणजे दांडीची जाडी व पाठीची गोलाई. बेसच्या चार तारांचा मिळून ताण पाऊणशे किलोंच्या आसपास असतो. त्यानें लांकूड वांकूं नये म्हणून पूर्वीं दांडी जाड ठेवावी लागे. गिब्सन कंपनींतील थॅडियस मॅकह्यू ह्यानें दांडीच्या पोटांत बसविण्याची, पिळून कमीजास्त करतां येणारी पोलादी सळई काढली आणि १९२३ सालीं तिचें पेटंट मिळालें. ह्या सळईच्या आधारावरच पुढील बारीक दांड्या उभ्या राहिल्या. परंतु बारीक दांडी सर्वांनाच सुखाची असते असें नाहीं. कित्येकांचा अंगठा पाठीला भरीव आधार मागतो. तो न मिळाल्यास पंजा नकळत आवळला जातो आणि थकतो.

ज्या घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी हें वाद्य शिकूं इच्छिते, त्या घराला ह्या इतिहासाचा उपयोग आहे. दुकानांत जातांना बरोबर साधी मोजपट्टी न्यावी. पट्टीजवळची रुंदी ३८ आहे कीं ४४, घोडीजवळचें अंतर १९ आहे कीं साडेसोळा, तें मोजून लिहून ठेवावें. वाद्य बसून आणि पट्टा लावून उभें राहून, दोन्ही तऱ्हांनीं धरून पाहावें. पहिल्या पडद्यावर तर्जनी ठेवून करंगळी चौथ्या पडद्याकडे न्यावी. मनगट सरळ राहिलें तर उत्तम, मुरडलें तर सिमांड्लच्या रीतीनें तीनच पडद्यांचा टप्पा धरून पाहावा. तसेंही दुखत असेल, तर आंखूड दांडी मागण्यांत कमीपणा नाहीं. पांच मिनिटें नव्हे, अर्धा तास वाजवावें. कारण पहिल्या पांच मिनिटांत प्रत्येक हात भिडस्त असतो आणि तक्रार करीत नाहीं.

१९५१ पासून आजवर ह्या वाद्याच्या दांडीवर जे जे बदल झाले, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशीं कोणातरी वादकाची अशीच एक तक्रार होती. ती ऐकून घेणारा कारागीर भेटला तेव्हां वाद्य सुधारलें. न भेटला, तेव्हां वायमनसारख्यानें स्वतः करवत चालविली. नवशिक्याचा हात दुखला म्हणजे त्याच्या हातांत संगीत नाहीं असा निर्वाळा देण्याची घाई वडीलधाऱ्यांनीं करूं नये. आधीं दांडी मोजावी.